आमच्या शेतातला दाणा

आमच्या घरमालकांची खरी ओळख झाली ती माझ्या धाकट्या नणंदेला बघायला मंडळी आली त्या दिवशी. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड करून आम्हाला पुरता महिनाही झाला नव्हता. मुलगा, त्याची आई आणि मामा बसले होते, पोहे देऊन झाले होते, नणंद चहा घेऊन बाहेर यायची होती. एवढ्यात हे गृहस्थ जिना चढून वर आले. कुणी बोलावलेलं नव्हतं. आले ते थेट मुलासमोर उभे राहिले, अंगठ्याने त्याची पापणी खाली ओढली, हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि मोठ्याने म्हणाले, "मुलगा चांगला आहे. यकृत सुस्त आहे. फार दिवस काढणार नाही."

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

मंडळी गेल्यावर मी चिडून म्हटलं, "डॉक्टर, तो मुलगा आजारी आहे कशावरून?" तर म्हणाले, "आजारी नाही कशावरून? पुरावा?" आणि वर, "मी वाचवलं तुम्हाला," असं म्हणून उरलेले पोहे खाऊन खाली गेले.

तो मुलगा पुढे बराकपूरला राहायला गेला. आता ऐंशीला टेकलाय आणि म्हणे रोज सकाळी नदीकाठी नातवंडांच्या पुढे चालतो. माझी नणंदही दुसरीकडे सुखात पडली, म्हणून हसून सांगता येतं. पण त्या दिवशी मी मनात म्हटलं, हा माणूस शिकलेला असेल, शहाणा नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी माझं हे मत बदलू नये म्हणून फार कष्ट घेतले.

नाव सांगत नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, माहेरची माणसं अजून आहेत आणि वहिनी गुणी होत्या. गृहस्थ मूळचे खानदेशातले. शिकायला म्हणून कलकत्त्याला आले, मोठ्या पदव्या मिळवल्या, आणि शहरातल्या एका संशोधनसंस्थेत यकृतावर काम करायचे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पण औषध त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिलं नाही. त्यांचे रोगी म्हणजे उंदीर. पांढरे, लाल डोळ्यांचे.

पंचवीस वर्षं बंगालात काढूनही त्यांना बंगाली येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं. "मोठ्याने आणि सावकाश बोललं की मराठी कुणालाही कळतं," असं त्यांचं म्हणणं. ट्रामच्या कंडक्टरला ते मोठ्याने आणि सावकाश "पुढच्या स्टॉपवर उतरव रे" सांगायचे, आणि तो बिचारा त्यांना रोज एक स्टॉप पुढे नेऊन सोडायचा.

मासळीबाजारात तर त्यांचा वेगळाच लौकिक होता. माणूस शुद्ध शाकाहारी. पण दर रविवारी पिशवी न घेता मासळीबाजारात जाणार, रुईमाशाचं पोट फाडलेलं असेल तिथे वाकणार, बोट घालून त्याचं यकृत बाहेर काढणार, उजेडात धरून बघणार, "हं" म्हणणार आणि पुढे जाणार. कोळणी त्यांना लांबून बघून माशांवर केळीची पानं झाकायच्या. एकीने एकदा ओरडून सांगितलं, "दादू, नेबेन ना तो हात देबेन ना!" म्हणजे, घ्यायचं नाही तर हात लावू नका. सगळा बाजार हसला. हे माझ्याकडे वळून विचारतात, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "तुमचा अभ्यास आवडला म्हणाली." खूश झाले!

आणि तो "पुरावा?" म्हणजे त्यांचं पालुपद. आम्ही नळ गळतोय म्हटलं की "पुरावा?" मग खाली तुमच्याच छतावरचा डाग बघा म्हणावं लागायचं. वहिनींना ताप आला तरी "पुरावा?" त्यांनी हात पुढे केला तर म्हणायचे, "हाताला काय कळतं? थर्मामीटर लाव." जगातल्या प्रत्येकाने त्यांना पुरावा द्यायचा. यातून एकच माणूस सुटला होता, आणि तो कोण ते मी सांगायला नको.

पण कामाचं बोलू लागले की मी ऐकत राहायचे, हे मान्य केलं पाहिजे. मी सातवी शिकलेली बाई. बाकीचं सगळं ऐकून आणि वाचून. ते जिन्यात उभे राहून व्याख्यान द्यायचे, मी पाण्याची बादली पायरीवर टेकवून ऐकायचे. उंदराच्या यकृताचे तीन वाटे धरले तर त्यातले दोन कापून काढून टाका, ते सांगत, उंदीर मरत नाही. उरलेला वाटा वाढायला लागतो. कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही हं, शेपटीसारखा. जो उरलाय तोच भरतो, आठवड्या-दहा दिवसांत पहिल्याइतक्या वजनाचा होतो. आणि झाला की थांबतो.

"थांबतो!" जिन्यात त्यांचा आवाज घुमायचा. "वाढ म्हणून त्याला कुणी सांगितलं? आणि पुरे म्हणून कुणी सांगितलं?"

त्यांचं म्हणणं, हा निरोप रक्तातून जातो. यकृत कापलेल्या उंदराचं रक्त धडधाकट उंदराला टोचलं तर त्याच्याही यकृतातल्या पेशी वाढीला लागतात. म्हणजे रक्तात काहीतरी प्रथिन आहे, ते पेशींना 'वाढा' म्हणतं. तसंच 'पुरे' म्हणणारंही असणार. आणि कॅन्सर म्हणजे काय, तर ज्या पेशीला 'पुरे' ऐकूच येत नाही ती पेशी.

प्रश्न सुंदर होता. इतका सुंदर प्रश्न इतक्या उर्मट माणसाच्या हाती पडावा, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

त्यांचं पुढचं म्हणणं असं, की तेच ते 'वाढा, वाढा' पेशींच्या कानाशी वर्षभर ओरडत राहिलं तर पेशी बहिऱ्या होतात आणि कॅन्सर होतो. एकच प्रथिन, जखम भरणारंही तेच आणि मारणारंही तेच. हे सिद्ध करायला त्यांनी उंदरांच्या एका गटाला वर्षभराहून जास्त काळ त्या रक्तातला अर्क टोचला. दुसऱ्या गटाला काही टोचलं नाही. शेवटी पोटं उघडली, तर टोचलेल्यांच्या यकृतात खरंच गाठी! न टोचलेल्यांची यकृतं स्वच्छ.

तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी त्यावर इतकं लांब भाषण केलं की आरती थंड झाली. दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं.

आता दाण्यांचं सांगते.

डॉक्टरांचे उपास फार. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. उपासाला दाण्याचं कूट हवं, आणि दाणा हवा तो त्यांच्या शेतातला. कलकत्त्याच्या बाजारातला दाणा म्हणजे त्यांच्या मते दाणा नव्हेच, "टरफलात बसलेला बंगाली." धाकटे भाऊ दरवर्षी खानदेशातून शेंगदाण्यांचं पोतं रेल्वे पार्सलने पाठवायचे. ते पोतं जिन्याखालच्या बोळकांडीत. आता कलकत्त्याचा पावसाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, तिथे मिठाचं पाणी होतं, आगपेटी पेटत नाही, चपलांना मिशा फुटतात. दाणा काय टिकणार? श्रावण संपेपर्यंत पोत्यात तळापासून हिरवट-काळी बुरशी चढलेली असायची.

वहिनी सुपात घेऊन निवडायच्या. बरा दाणा घरात, बुरशीचा दाणा बाहेर फेकायला. पण हे सुपाजवळ टपलेले. "फेकतेस काय? आमच्या शेतातला दाणा आहे!" असं म्हणून तो खवट, हिरवा दाणा पितळी डब्यात भरायचे आणि रोज ट्रामने संस्थेत न्यायचे. कुणासाठी? तर टोचलेल्या उंदरांसाठी. "बिचारी माझ्यासाठी सुया सोसतात, त्यांना खाऊ नको?" त्या गृहस्थांच्या तोंडून मायेचा शब्द मी तेवढाच ऐकला, आणि तोही बुरशी लागलेला.

न टोचलेल्यांना मात्र संस्थेचं रोजचं खाणं. त्यांनी काय सोसलंय?

ही गोष्ट डोळ्यांसमोर असून आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात शिरली नाही. शिरली ती शिप्राच्या. शिप्रा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. काळी-सावळी, किडकिडीत, सुती साडी, खांद्याला झोळी. फाळणीनंतर पलीकडून आलेल्यांच्या वसाहतीत, बेहालाच्याच पुढे, आईवडील आणि दोन भावंडांसकट एका खोलीत राहायची. एका कॉलेजात तिला नोकरी द्यायचं कबूल झालं होतं, पण पदवी हातात आल्यावर. आणि पदवी हातात यायला डॉक्टरांची सही हवी. ते सगळं काम, टोचणं, कापणं, काचेवर यकृताच्या चकत्या रंगवणं, तिने केलेलं.

एकदा ती कागद द्यायला आली तर डॉक्टर घरी नव्हते, म्हणून वर माझ्याकडे बसली. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं बंगालीत चालायचं, आणि ती मला बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी. तिने विचारलं, "बौदी, सर जो डबा आणतात त्यातले दाणे कुठून येतात?"

मी जिन्याखालचं पोतं दाखवलं. तिने एक दाणा उचलला, हुंगला, नखाने फोडला आणि खालच्या पायरीवर बसली.

"काय झालं ग?"

"विलायतेत मागे टर्की पक्षी ढिगाने मेले, बौदी. त्यांच्या खाण्यात बुरशीची भुईमुगाची पेंड होती. यकृतं गेली. मग लोकांनी उंदरांना घालून बघितलं. त्यांना कॅन्सर झाला." ती माझ्याकडे बघत राहिली. "आमच्या गाठी सुईच्या नाहीत. या दाण्याच्या असणार."

मी म्हटलं, "मग सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी तिने खाली येऊन त्यांना हिंदीत सांगितलं. डॉक्टरांचा आवाज वरपर्यंत आला, त्यामुळे तो मला वेगळा ऐकावा लागला नाही.

"आमच्या शेतातला दाणा? त्याने कॅन्सर? मी जन्मभर खातोय, मला झाला?"

"सर, तुम्ही निवडलेला खाता. शिवाय आपण एकच करून बघू. काही उंदरांना सुई न देता नुसता हा दाणा घालू, काहींना चांगला दाणा."

"त्याला वर्ष जाईल. दिल्लीला मी काय सांगू, माझी विद्यार्थिनी स्वयंपाकघरात संशोधन करतेय?"

"पण पुरावा..."

"पुरावा मला शिकवतेस? हे बघ शिप्रा, मी सांगतो तो निष्कर्ष प्रबंधात असेल तर सही. नाहीतर दुसरा गाइड शोध. मिळतो का बघ."

ती वर आली तेव्हा डोळे कोरडे होते. रडणारी मुलगी नव्हती ती. म्हणाली, "खोटं लिहिलं तर नोकरी आहे, बौदी. खरं लिहिलं तर चार जणांचं पोट माझ्यावर आहे."

"आणि खरं सिद्ध करून लिहिलंस तर?"

"उंदीर ठेवू कुठे? संस्थेत सर ठेवू देणार नाहीत. घरी माणसांना जागा नाही."

आमच्याकडे गच्चीवरचा चिलेकोठा होता, म्हणजे जिन्याच्या डोक्यावरची खोली. भाड्यातच आलेली. तिथे आमच्या ट्रंका असायच्या. मी म्हटलं, "आण." डॉक्टरांचे गुडघे दुखायचे, आमच्या मजल्यापुढे जिना ते कधी चढले नाहीत. माणसाच्या पापणीवरून त्याचं यकृत ओळखणाऱ्याला स्वतःच्या घरात वर काय चाललंय ते कळणार नव्हतं, याची मला खात्री होती.

आमचे हे गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. संध्याकाळी आले, ट्रंका पलंगाखाली आणि वर पिंजरे बघून म्हणाले, "त्यांना कळलं तर बिऱ्हाड रस्त्यावर येईल."

मी म्हटलं, "आपलं बिऱ्हाड येईल. तिचा जन्म येईल."

रविवारी पिंजऱ्यांच्या जाळ्या त्यांनीच नीट करून दिल्या.

उंदीर तिने दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आणले, उरलेले, कुणाला नको असलेले. निम्म्यांना नुसता बुरशीचा दाणा मिसळलेलं खाणं, निम्म्यांना त्याच मापाने चांगल्या दाण्याचं. सुई कुणालाच नाही. आता बुरशीचा दाणा आणायचा कुठून? पोतं खाली, आणि पोत्यावर मालकांची नजर. मी वहिनींकडे गेले. सगळं सांगितलं. त्या सुपात दाणे पाखडत होत्या, पाखडणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर सुपातला हिरवा ढीग पदरात घेतला आणि माझ्या पदरात घातला. "रोज या," एवढंच म्हणाल्या.

एक दुर्गापूजा गेली, दुसरी आली. त्या काळात बेहालात काय काय झालं! भिंती राजकीय घोषणांनी भरल्या, बॉम्बचे आवाज यायचे, वीज तर पाहुण्यासारखी यायची. शिप्रा कर्फ्यू नसेल तेव्हा येऊन पिंजरे साफ करायची, तिला येता आलं नाही तर मी करायचे. मला उंदरांची किळस होती. ती गेली. खाली डॉक्टर दिल्लीहून आले होते, टाळ्या घेऊन. परिषदेत म्हणे त्यांना कुणीतरी विचारलं, "दोन्ही गटांचं खाणं एकच होतं ना?" आणि हे म्हणाले, "अर्थात." त्यांना ते खरंच वाटत होतं, हेच त्यांचं भयंकर होतं. खोटारडा माणूस निदान मनात तरी खरं जपून ठेवतो.

शेवटी एका दुपारी शिप्राने गच्चीतल्या उजेडात उंदरांना भूल दिली आणि पोटं उघडली. मी शेजारी उभी. चांगल्या दाण्यावरच्यांची यकृतं गुळगुळीत, तांबूस-काळी, ओल्या जांभळासारखी. दुसऱ्या गटाचं पहिलंच उघडलं आणि मला कळायला शिकवावं लागलं नाही. वर पांढुरक्या गाठी, काही ज्वारीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. सगळ्यांच्यात नाही. पण बहुतेकांच्यात.

"म्हणजे ते प्रथिन निर्दोष?" मी विचारलं.

"त्याला निर्दोष म्हणायला अजून काम हवं, बौदी. पण त्याच्यावरचा आरोप आता टिकत नाही. ते पेशींना वाढा म्हणतं, हे खरं. पण धडधाकट यकृत वाढून थांबतं. पुरे म्हटलेलं त्याला ऐकू येतं. बहिरं केलं ते बुरशीच्या विषाने." आणि तेव्हा मात्र ती रडली, हातात चिमटा तसाच.

काचा तयार झाल्यावर ती डॉक्टरांच्या बैठकीत गेली. मीही गेले, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एकेक काच घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातली. शेवटची काच काढून हातात धरली.

"हे उंदीर कुठले?"

"वरचे," मी म्हटलं. "चिलेकोठ्यातले."

"माझ्या घरात! माझ्या परवानगीशिवाय!" ते ताडकन उठले. "आणि हा दाणा आमचाच कशावरून? बाजारातला आणून घातला असेल. पुरावा?"

"मी दिला," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "रोज. तुमच्या सुपातला."

लग्नाला तीस वर्षं झालेल्या त्या माणसाने बायकोकडे पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं आणि खाली बसला.

त्यानंतर काही दिवस खालचं दार बंदच. आमचे हे दुसरं घर बघून आले. शिप्रा धास्तावून येईनाशी झाली. आणि मग एका सकाळी डॉक्टर आमच्या दारात, चेहरा प्रसन्न. मला वाटलं, चला, झोपलेला जागा झाला. माफी मागतोय बहुतेक. दिल्लीला पत्र पाठवून चूक कबूल करतोय बहुतेक.

"तुम्हाला सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "मला संशय होताच. म्हणून तर मी मुद्दाम बुरशीचा दाणा घालत होतो. पोरीला कळतं का, ते बघायचं होतं. कळलं. माझं शिक्षण वाया गेलं नाही."

त्यांच्या सिद्धांताचं प्रेत पडलं होतं, आणि त्याच्यावर हा माणूस आता फेटा बांधून उभा होता. पुढच्या गणपतीत मंडळात भाषण झालं, विषय 'भुईमूग आणि यकृताचा कॅन्सर'. त्यात प्रथिन नव्हतं, दिल्ली नव्हती, शिप्राचं नाव 'माझ्या हाताखालची एक मुलगी' असं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळातल्या लोकांनी आदल्या भाषणालाही वाजवल्या होत्या. दोन भाषणं एकमेकांना खोटं पाडतात, हे एकालाही सुचलं नाही.

प्रबंधावर सही मात्र झाली. खऱ्या निष्कर्षावर, शिप्राने लिहिला तसा. नाही कशी होणार? आता तो त्यांचाच शोध होता ना!

मी चडफडले. तिला म्हटलं, "तू गप्प कशी बसतेस? सगळ्यांसमोर सांग."

"बौदी, मला खरं लिहायचं होतं आणि सही हवी होती. दोन्ही मिळालं. त्यांनी ते चोरलं म्हणून खोटं होत नाही." झोळी खांद्याला लावत म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यापासून घरी पगार येईल. आता भांडायला माझ्याकडे वेळ नाही."

शेवटची परीक्षा पार पडली, आणि दुसऱ्या दिवशी ती संदेशाचं, म्हणजे तिथल्या पेढ्यांचं, खोकं घेऊन आली. नवी साडी नेसली होती, तिची आई नेसते तशी लाल काठाची. आम्ही सगळे खालच्या ओसरीवर होतो. बंगाल्यांच्यात अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावतात, आणि गुरूच्या पायांना तर लावतातच. त्याशिवाय काम पुरं झालं असं ते समजत नाहीत.

तिने आधी आमच्या यांच्या पायांना हात लावला. हे ओशाळून मागे सरकले. मग माझ्या. मग वहिनींच्या, आणि वहिनींनी तिला उठवून जवळ घेतलं. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी धोतर जरा सावरलं, उजवा पाय चपलेतून काढला आणि पुढे ठेवला. डोळे अर्धे मिटले, आशीर्वादाचा हातही थोडा वर आला.

शिप्राने पदर खांद्यावर घेतला, तिथूनच, ओसरीच्या पलीकडून हात जोडले. "नमस्कार, सर. येते." आणि पायऱ्या उतरून गेली. वळून बघितलं ते आमच्याकडे.

पाय तसाच पुढे. तो मागे कसा घ्यायचा, हे त्यांना सुचेना. रस्त्यावर ट्राम आली, थांबली, तिला घेऊन गेली.

वहिनींनी संदेशाचं खोकं उचललं, आत जाता जाता त्यांच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पाय आत घ्या. दार लावायचंय."